नानांनी हुंगलेलं 2013

बोर्डो हा शब्द आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून आहे. मोरचूद आणि चुना कालवून केलेलं निळसर पाणी, डावणी या वेलीवरच्या बुरशीरोगाचं औषध. पिंपळगाव-निफाड पट्ट्यातल्या कुठल्याही द्राक्षवाल्याला विचारा. ते फ्रान्समधल्या एका गावाचं नाव आहे हे मला बारावीनंतर कळलं. नानांना कळलं ते वयाच्या 69व्या वर्षी, त्या गावापासून तासाभराच्या अंतरावर एका बागेत उभं राहिल्यावर.

झालं असं की बागेत शिरल्याबरोबर नानांनी एक पान उलटंपालटं करून पाहिलं, त्यावरचा निळा-पांढरा ठिपका अंगठ्याने चोळला आणि म्हणाले, "बोर्डो मारलंय." पुढे चालणारे बागमालक गर्रकन वळले. आमच्या सगळ्या बोलण्यातला तेवढाच एक शब्द त्यांना कळला होता. "वी, वी! बूयी बोर्दलेज!" म्हणत ते नानांजवळ आले आणि त्यानंतर दोघं एकमेकांना सोडायला तयार नव्हते.

दाजी मधे उभे राहून दोन्हीकडचं सांगत होते. दीडशे वर्षांपूर्वी इथल्या मेदोक भागात वाटसरू द्राक्षं तोडतात म्हणून शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळं पाणी शिंपडायचे. त्या वेलींवर डावणी येत नाही, हे मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि 1885 साली त्यांनी ते औषध म्हणून जाहीर केलं. नाना म्हणाले, "आम्ही रस्त्याकडच्या ओळीला जुन्या साड्या बांधतो, सांगा त्यांना." दाजींनी सांगितलं. बागमालकांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

प्रवासाचं थोडक्यात सांगतो. ताई आणि दाजी तुलूजला असतात. यंदा जूनमध्ये नानांना घेऊन गेलो. पॅरिसचे चार दिवस रांगांमध्ये गेले, त्याबद्दल लिहावं असं काही नाही. दाजींच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या आईवडिलांची सँतेमिलिओंजवळ सहा हेक्टर, म्हणजे पंधरा एकर बाग आहे. स्वतःच वाईन करतात. त्यांनी जेवायला आणि मुक्कामाला बोलावलं होतं.

त्याआधी दुपारी आम्ही गावात थांबलो, ती चूकच झाली. सँतेमिलिओं 1999 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, एकाच खडकात कोरून काढलेलं जमिनीखालचं चर्च खरोखर पाहण्यासारखं आहे, पण उन्हात त्या उभ्या दगडी गल्ल्यांमधून माणसांना माणसं घासत होती. एका दुकानात पैसे भरून वाईन चाखायला गेलो, तर तळाला जेमतेम टेकेल एवढी ओतली, पाठ केलेली चार वाक्यं म्हटली आणि पुढच्या गटाला आत घेतलं. नाना बाहेर सावलीत बसून होते. मला राग आला तो पैशांचा नाही. ज्या वस्तूसाठी कुणी वर्षभर राबतं, ती अशी उरकायची नसते.

म्हणून त्या घरचं जेवण माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. साडेआठला बसलो तेव्हा चांगलं ऊन होतं. नाना माळकरी. हे आधी कळवलेलं होतं, तरी मला धाकधूक होती. काकूंनी त्यांच्यासाठी वेगळी भांडी काढून शतावरीचे पांढरे कोंब उकडले होते, बटाटे भाजले होते, आणि त्यांच्या ग्लासात घरच्याच द्राक्षांचा रस होता. आमच्यासाठीचं मांस अंगणात छाटणीच्या वाळक्या काड्यांवर भाजलं जात होतं. तो धूर आला आणि नानांचा चेहरा सैलावला. आमच्या चुलीत वर्षभर तेच जळण असतं.

नानांसमोर मी आयुष्यात कधी ग्लास हातात धरलेला नव्हता. मी हात मागे ठेवून बसलो होतो. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "घे. त्यांच्या कष्टाचं आहे."

चार बाटल्या होत्या, सगळ्या त्याच बागेच्या, मर्लो जातीच्या द्राक्षांच्या आणि थोडी काबेर्ने फ्राँ. 2016, 2013, 2009 आणि 1990. वर्ष सोडलं तर काही बदललेलं नाही, जमीन तीच, वेली बहुतेक त्याच. इथे सहसा वेलीला पाणीही द्यायची परवानगी नसते, त्यामुळे पाऊस पडेल तसं वर्ष. 2016 गडद होती, जांभळं खाल्ल्यावर जीभ आक्रसते तशी तुरट, पण गिळल्यावरही बराच वेळ तोंडात राहणारी. अजून दहा वर्षं थांबा, असं मालक म्हणाले.

मग 2013. रंगच पातळ. वासात हिरव्या देठाचा कच्चेपणा, चवीला आंबट, आणि एका घोटात संपून जाणारी. खरं सांगतो, माझ्या मनात आलं की ही कशाला काढली? थेट 2009 आणायची. दाजींनी ते जरा सौम्य करून विचारलंसुद्धा.

मालकांनी सुरी खाली ठेवली. त्या वर्षी वसंतात थंडी आणि पाऊस होता, म्हणाले. फुलोऱ्यात मर्लोचे मणी धरलेच नाहीत. ऑगस्टच्या सुरुवातीला नदीच्या पलीकडे गारा पडल्या, पुढे कूज लागायच्या भीतीने घाईत तोडणी. आसपासच्या काहींनी आपल्या मुख्य नावाने त्या वर्षी बाटलीच भरली नाही. "आम्ही भरली. छाटणी त्याही वर्षी केली होती, फवारण्या तर जास्तच केल्या. माझी बायको त्या वर्षी पहाटे चारला उठायची. ते वर्ष टेबलावरून का उठवायचं?"

'गारा' हा शब्द दाजींच्या तोंडून आला आणि नाना पुढे सरकले. त्यांनी अंगठा आणि तर्जनीने माप दाखवलं: लिंबाएवढी. मालकांनी त्यांच्या बोटांकडे बघून स्वतःची बोटं थोडी जवळ आणली: त्यांच्याकडे अक्रोडाएवढी. काकू उठून आत गेल्या.

आमच्याकडची गारपीट 2014 ची. तीन एकर सोनाका जातीची द्राक्षं, सौदा झालेला, आठ दिवसांत माल निघणार होता. सतरा मिनिटं गारा पडल्या. मी तेव्हा पुण्यात होतो, दुसऱ्या दिवशी पोहोचलो तर नाना ओळीओळीतून फिरून फुटलेले घड कात्रीने कापून खाली टाकत होते, नेहमीसारखे देठ धरून, अलगद. आठवडाभर बागेत आंबूस वास भरून होता. त्या वर्षाचं आमच्याकडे पंचनाम्याचा एक कागद सोडला तर काहीही नाही. खायच्या द्राक्षाचं असंच असतं, चांगलं वर्षसुद्धा चैत्र संपेस्तोवर लोकांच्या पोटात गेलेलं असतं.

नानांनी माझा ग्लास ओढून घेतला. नाकाशी नेला. डोळे मिटून बराच वेळ धरून ठेवला. टेबलावर कुणी बोललं नाही. मग म्हणाले, "आपल्या बागेत तेव्हा वास होता, त्याच्याच जवळचा आहे. पण हा सडका नाही. यांनी वेळेवर उचललंय." आणि ग्लास माझ्यापुढे ठेवून दिला. मी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो, सावकाश.

2009 उन्हाळ्याने भरलेली होती, पिकून फुटायला आलेल्या काळ्या अंजिरासारखी. सगळ्यांना तीच आवडली. 1990 मालकांच्या वडिलांनी केलेली. तिचं बूच तुटलं, अर्धं आत राहिलं, ते काढायला मालकांनी पाच मिनिटं घेतली आणि कुणाला हात लावू दिला नाही. मग मेणबत्ती लावून तिच्या ज्योतीवर बाटलीची मान धरून दुसऱ्या भांड्यात इतकी बारीक धार सोडली की आवाज नाही. तळाचा गाळ काळ्या दोऱ्यासारखा मानेकडे सरकताना दिसला, तिथे धार थांबवली. कडेला विटकरी रंग आलेला, वास जुन्या चामड्याचा, तपकिरीचा, आणि चवीत तुरटपणा जवळजवळ विरघळून गेलेला. इतकी मऊ वाईन मी आधी प्यायलेली नाही. तरी झोपताना जिभेवर मला ती पातळ, आंबट 2013 च आठवत होती.

सकाळी सहाला उठून पाहतो तर नाना खोलीत नाहीत. खिडकीतून दिसलं, दोघं बागेत होते. इथल्या वेली कमरेएवढ्याच, मांडव नाही, सगळं काम वाकून. नाना बुडख्यावरचे नको असलेले फुटवे नखाने खुडत होते आणि मालक शेजारच्या ओळीत तेच करत होते. कुणी काही बोलत नव्हतं. मधेच नानांनी जमिनीलगतची कलमाची गाठ दाखवली, मालकांनी मान हलवली. अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा या किडीने एकोणिसाव्या शतकात या मुळांचा फडशा पाडला, तेव्हापासून इथेही खुंट अमेरिकनच, आमच्या डॉगरिजसारखा.

लिबूर्नहून बोर्दो, तिथून तुलूजची गाडी. नाना खिडकीशी बसले होते. अचानक म्हणाले, "त्यांचं 2014 कसं गेलं, विचारायचं राहिलं."

दाजींनी मेसेज टाकला. आझां स्टेशन मागे पडत असताना उत्तर आलं. उन्हाळा थंड गेला, सगळे घाबरले होते, पण सप्टेंबरभर ऊन पडलं आणि माल वाचला.

"बरं झालं," नाना म्हणाले.