फॉरमॅट मारण्याआधी

पुण्यात घरचा कॉम्प्युटर कुरकुरायला लागला की तीन सल्ले हमखास मिळतात. दुकानदार म्हणतो, "फॉरमॅट मारून टाकू." शेजारचा इंजिनिअर मुलगा म्हणतो, "नवा घ्या." आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी कॉम्प्युटर 'साफ' करून देणाऱ्या एखाद्या 'क्लीनर' प्रोग्रामची लिंक टाकतं. नारायण पेठेतल्या आमच्या काकांना हे तिन्ही सल्ले मिळाले होते आणि क्लीनर तर बसवूनही झाला होता. मग त्यांचा मला फोन आला. मी अकाउंट्समध्ये काम करते, हार्डवेअरशी माझा संबंध नाही. पण घरातले सगळे कॉम्प्युटर माझ्याच गळ्यात पडतात.

काकांच्या मशीनवर फोटो होते, सोसायटीचे हिशोब होते, पण त्यांचा जीव होता तो कुलवृत्तान्तात. निवृत्त झाल्यापासून ते आमच्या घराण्याची माहिती जमवतायत. शाखा, वंशावळी, कोकणातून कोण कधी घाटावर आलं, कोण कुणाला दत्तक गेलं, कुठल्या दोन नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत, असं सगळं वर्डच्या फायलींमध्ये, आणि तेही युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसावं यासाठीची अक्षरांची सर्वमान्य पद्धत) घरोघरी पोचण्याआधीच्या जुन्या फाँटात. 'फॉरमॅट मारू'ला माझा विरोध होता तो एवढ्यासाठीच. डॉक्युमेंट्सचं फोल्डर दुकानदाराने नक्की कॉपी करून दिलं असतं. फाँटचं कुणी विचारलंही नसतं.

मशीन साधारण दहा वर्षांपूर्वी असेंबल केलेलं. चौथ्या पिढीचा आय थ्री, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. विंडोज सेव्हनवरून टेनवर आलेलं. बटण दाबून काकू चहा टाकायच्या, चहा पिऊन व्हायचा, तरी डेस्कटॉपवर गोल फिरतच असायचं.

पहिल्यांदा कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला. परफॉर्मन्सच्या टॅबवर प्रोसेसर निवांत, रॅम निम्म्याहून जास्त भरलेली, आणि डिस्क मात्र सलग शंभर टक्के. डिस्क शंभर टक्के दिसली की लोक व्हायरस शोधायला लागतात. त्याच पानावर खाली दोन आकडे असतात, ते आधी बघावेत. एक, सेकंदाला किती डेटा वाचला-लिहिला जातोय, आणि दुसरा, ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम, म्हणजे मागितलेलं द्यायला डिस्क किती वेळ घेते. काकांची डिस्क शंभर टक्के दमत होती आणि त्या बदल्यात सेकंदाला जेमतेम एखादा एमबी देत होती. रिस्पॉन्स टाइम काही मिलिसेकंद असायला हवा, तो हजारांत उड्या मारत होता. म्हणजे काम जास्त नव्हतं, डिस्कलाच ते झेपत नव्हतं.

सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, पानावर 'अप टाइम' नावाची एक ओळ असते, विंडोज सलग किती वेळ चालू आहे ते सांगणारी. तिच्यावर बरेच दिवस दिसत होते. काका म्हणाले, "अगं, मी रोज रात्री नीट शटडाऊन करतो!" करत होतेच ते. पण विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप म्हणून एक सोय आली. ती चालू असली की शटडाऊन म्हटल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, तो डिस्कवर उतरवून ठेवतात आणि सकाळी तसाच उचलतात. पूर्ण बंद होऊन पुन्हा चालू व्हायचं तर रीस्टार्टच करायला हवं. काकांना हे पटायला वेळ लागला. शटडाऊनपेक्षा रीस्टार्ट जास्त पक्कं हे मुळात उफराटंच आहे, त्यांना काय दोष द्यायचा.

मग रिलायबिलिटी मॉनिटर. ही विंडोजमधली सर्वांत दुर्लक्षित खिडकी असावी. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप केलं की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' येतं. तारखांचा तक्ता, वर एक ते दहामधली रेघ आणि जिथे काही बिघडलं तिथे लाल फुली. काकांच्या तक्त्यावर बऱ्याच फुल्या एकाच वारी होत्या. गुरुवारी. फुलीवर क्लिक केलं की 'विंडोज नीट बंद झालं नव्हतं' अशा अर्थाची नोंद. आता पुण्यात गुरुवार म्हटलं की सांगायला नको, देखभाल-दुरुस्तीसाठी वीज जायचा वार. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी केव्हाच मेली होती. यूपीएस नुसताच जाडजूड प्लग होऊन बसला होता. तपकीर गल्लीतून त्याच मापाची बारा व्होल्टची बॅटरी आणून बसवली, एवढ्याने एक दुखणं संपलं.

क्लीनरला निरोप देणं सोपं होतं. तो उघडल्या उघडल्या रजिस्ट्रीत (विंडोज आणि प्रोग्राम आपली सेटिंग्ज जिथे ठेवतात ते भांडार) शेकडो 'एरर' दाखवायचा आणि त्या दुरुस्त करायला पैसे मागायचा. रजिस्ट्री साफ केल्याने कॉम्प्युटर पळायला लागतो, ही समजूत जायला हवी. रजिस्ट्री क्लीनर वापरण्याला खुद्द मायक्रोसॉफ्टचाच पाठिंबा नाही. जागाच मोकळी करायची असेल तर सेटिंग्जमधलं स्टोरेज सेन्स पुरतं. क्लीनरबरोबर मुदत संपलेला एक अँटिव्हायरसही काढला. दुसरा अँटिव्हायरस असला की विंडोजचा डिफेंडर बाजूला सरकतो, तो काढला की आपसूक पुन्हा कामाला लागतो. घरच्या वापराला तेवढा पुरे, असं माझं मत आहे.

आता मुद्द्याची डिस्क. क्रिस्टलडिस्कइन्फो हे जपानी गृहस्थाने केलेलं फुकट सॉफ्टवेअर. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी आतल्या आत ठेवत असते, हे सॉफ्टवेअर त्या नोंदी वाचून दाखवतं. निळ्या रंगात 'गुड' हवं होतं, इथे पिवळ्यात 'कॉशन' आलं. खालच्या यादीतल्या दोन ओळी बघायच्या. ०५ क्रमांकाची रीअलोकेटेड सेक्टर्स, म्हणजे डिस्कने खराब ठरवून ज्यांच्या बदली राखीव जागा वापरली ते भाग. आणि सी५ ची करंट पेंडिंग सेक्टर्स, म्हणजे जे आत्ता वाचता येत नाहीत आणि ज्यांचा निकाल अजून लागायचाय ते. दोन्हींत शून्य हवं. एक सूचना: हे आकडे मुळात हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीतल्या पद्धतीत दिसतात, त्यामुळे उगाच घाबरायला किंवा उगाच निर्धास्त व्हायला होतं. फंक्शन मेन्यूतल्या ॲडव्हान्स्ड फीचरमध्ये जाऊन रॉ व्हॅल्यूज दशमानात करून घ्याव्यात. काकांच्या डिस्कवर दोन्ही ओळी शून्याच्या बऱ्याच पुढे होत्या.

अशा वेळी लोक लगेच चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधलं डिस्क तपासायचं साधन चालवतात, तेही 'आर'वालं, जे डिस्कचा कोपरान् कोपरा वाचत जातं. मरायला टेकलेल्या डिस्कवर ते आधी चालवू नये. उरलेली ताकद तिने आपल्या फायली देण्यात खर्च करावी, स्वतःची तपासणी करून घेण्यात नव्हे. क्लोनिंगचाही विचार मी याच कारणाने सोडला. शिवाय आजारी डिस्कची हुबेहूब नक्कल केली की तिच्यावरच्या बिघडलेल्या सिस्टिम फायलीही नव्या घरी राहायला येतात.

कॉपी-पेस्ट वापरलं तर एका खराब फाइलवर येऊन सगळं अडकतं. त्यापेक्षा रोबोकॉपी ही फायली कॉपी करायची कमांड. ते विंडोजमध्येच आहे, व्हिस्टापासून. कमांड प्रॉम्प्टमध्ये चालवावं लागतं, पण एकदा लिहून ठेवलं की झालं: कुठून, कुठे, मग स्लॅश ई म्हणजे रिकाम्यांसकट सगळी आतली फोल्डरं, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्लॅश आर कोलन एक व स्लॅश डब्ल्यू कोलन एक. हे दोन दिले नाहीत तर न वाचता येणाऱ्या एकेका फाइलसाठी रोबोकॉपी दहा लाख वेळा प्रयत्न करतं, दर वेळी तीस सेकंद थांबून. हिशोब केला तर एकाच फाइलवर वर्षभर! स्लॅश एक्सजे दिलं की यूझर फोल्डरमधल्या शॉर्टकटवजा फोल्डरांत ते गोल गोल फिरत नाही, आणि स्लॅश लॉग दिलं की काय आलं नाही त्याची यादी फाइलमध्ये मिळते. रात्रभर चालू ठेवलं. यादीत काही फोटो आले. कुलवृत्तान्ताची एकही फाइल आली नाही. काकांनी यादी दोनदा वाचली आणि मगच चष्मा काढला.

फाँटची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण पुण्यात घरोघरी असे खजिने पडून आहेत. श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएमचे फाँट यांवर एका पिढीचं मराठी टायपिंग झालं. श्रीलिपी आणि सी-डॅक या सरकारी संस्थेचं आयएसएम तर पुण्यातलंच. या फाँटांत आपल्याला 'क' दिसला तरी फाइलमध्ये साठवलेलं असतं एखादं इंग्रजी अक्षर नाहीतर चिन्ह. देवनागरी आकार फक्त फाँटमध्ये असतो. फाँट गेला की पानभर डॉलर, कंस आणि डोक्यावर टिंबं असलेली युरोपीय अक्षरं उरतात.

म्हणून जुन्या मशीनवर तीन कामं केली. प्रत्येक फाइलची पीडीएफ काढली, म्हणजे पान दिसायला जसं आहे तसं तरी राहील. मग वर्डमध्ये मजकुरावर क्लिक करून वरच्या चौकटीतली फाँटची नावं उतरवून घेतली. ही नावं फाँट नसला तरी तिथे दिसतात, त्यामुळे ज्यांचं आधीच फॉरमॅट झालंय त्यांनाही निदान काय शोधायचं ते कळतं. आणि विंडोजच्या फोल्डरमधलं फाँट्सचं फोल्डर अख्खं कॉपी केलं. एकाच यूझरपुरते बसवलेले फाँट त्या यूझरच्या ॲपडेटा नावाच्या फोल्डरच्या आत दडलेले असतात, तेही बघावं. आमच्याकडे काकांचा एक फाँट तिथेच सापडला.

नवी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) बसवणं त्यामानाने किरकोळ. एकच काळजी: इन्स्टॉल करताना जुनी डिस्क काढून ठेवावी. नाहीतर विंडोजचं सुरू व्हायचं सामान कधी कधी जुन्या डिस्कवर जाऊन बसतं आणि ती काढली की नवी जागची हलत नाही. मीडिया क्रिएशन टूलने आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज घेतलं. प्रॉडक्ट की विचारली तेव्हा 'माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही' हा पर्याय निवडला. लायसन मदरबोर्डशी बांधलेलं असतं, डिस्कशी नव्हे, त्यामुळे तीच आवृत्ती निवडली की इंटरनेट मिळताच आपोआप ॲक्टिव्हेट होतं. आता चहा टाकायच्या आत डेस्कटॉप येतो, अशी काकूंची तक्रार आहे.

नव्या विंडोजवर सोसायटीच्या नोटिसा वेगळ्याच दिसायला लागल्या. त्या युनिकोडमध्ये, मंगल फाँटात होत्या. विंडोज १० मध्ये मंगल आपोआप येईलच असं नाही, तो ऑप्शनल फीचर्समधल्या 'देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स'मध्ये गेलाय. मराठी भाषा जोडली की तोही येतो. सोबत मराठी फोनेटिक कीबोर्ड मिळतो, २०१९ च्या मे अपडेटपासून. काकांना तो आवडला नाही. त्यांची बोटं जुन्या टाइपरायटरची.

कुलवृत्तान्त युनिकोडमध्ये आणायचं काम अजून चालू आहे. कन्व्हर्टर त्याच फाँटसाठीचा लागतो, कारण प्रत्येक फाँटची अक्षरांची मांडणी वेगळी. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये दोन्ही उलट. कन्व्हर्टर हे बहुतेक वेळा बरोबर फिरवतो, पण 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' करून टाकतो. मी म्हटलं, फाइंड-रिप्लेसने सगळे एका झटक्यात बदलू. काकांनी हात धरला. वंशावळीत पानोपानी 'भार्या' आहे, तिची 'भाऱ्या' झाली असती. आता 'दुसर्या', 'तिसर्या', 'वार्या' असे शब्द एकेक करून बदलतोय. यादी काकांच्या वहीत आहे.

"आणि ते अकरा कधी टाकणार?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. या मशीनवर नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मदरबोर्डवर किंवा प्रोसेसरमध्ये असणारी सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण घरगुती वापरकर्त्यांना वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. विंडोज अपडेटच्या पानावरूनच नाव नोंदवता येतं. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं आणि सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यावर चालू ठेवला तर पैसेही पडत नाहीत. नोंदणी करून दिली. पुढचं मशीन कुठलं घ्यायचं ते कुलवृत्तान्ताची छपाई झाल्यावर बघू, असं काका म्हणालेत.