अप्पांचा कोरा कागद

बुधवार, रात्रीचे साडेदहा

अप्पांनी आज तिसऱ्यांदा कागद कोरा आणला. (अप्पा हे नाव मी दिलेलं, बाकी पण बदललंय, रोजनिशीत सुद्धा मी कुणाची ओळख पटेल असं लिहीत नाही.) बायको गेली तेव्हापासून पहाटे चारला डोळे उघडतात आणि मग उजाडेपर्यंत नुसतं छताकडे बघणं, म्हणून मुलाने जळगावला माझ्याकडे समुपदेशनाला आणलेलं. मी आपला शिकल्याप्रमाणे झोपेचा तक्ता दिला, कधी आडवे झालात, कधी जाग आली, मनात काय आलं, रोज भरा. आज जरा चिडूनच विचारलं का नाही भरला, आवाजात शाळेतल्या बाई आल्याच, तर कागदाची घडी टेबलावर ठेवत अहिराणीत म्हणाले, "मॅडम, हाई काम तुमनं शे, मनं नही."

गप्पच झाले मी.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिनने १९७९ मध्ये हेच मांडलंय की थेरपीत दोघांचं तीन गोष्टींवर जमलं पाहिजे, कुठं पोचायचं, त्यासाठी काय करायचं, आणि दोघांमधला जिव्हाळा. परीक्षेत यावर मी मार्क घेतलेत. आणि इथं पोचायचं ठिकाण माझं, काम माझं, अप्पा बिचारे पोराला वाईट वाटू नये म्हणून एसटीने येत होते.

खुर्ची टेबलामागून काढून त्यांच्या बाजूला घेतली. मग तुमचं काम काय अप्पा? तर झोपेचं त्यांना काही नाहीच, शेतकरी माणूस, चारला उठणं जन्मभराचं. पण चारला त्यांची बायको चहा ठेवायची आणि दोघं ओट्यावर बसायचे, बोलायचे पण नाहीत फारसे. आता चारला करायचं काय, एवढाच प्रश्न. आणि तो मी तीन सेशनमध्ये विचारलाच नव्हता!

आमच्या अमळनेरकडच्या घरी आजीच्या ओट्यावर दुपारी बायका यायच्या, कुणाची सासू, कुणाचा नवरा, कुणाचं कर्ज, आणि आजी मूग निवडता निवडता फक्त म्हणायची, "मंग?" सल्ला नाही की काही नाही. पुढे एमएला हार्लिन अँडरसन आणि हॅरी गुलिशियन वाचले, टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनचे, त्यांचा १९९२ चा लेख, की थेरपिस्टने आपल्याला माहीत नाही असं धरून विचारायचं, स्वतःच्या आयुष्यातला जाणकार तो माणूसच. मला तर आजीच आठवली. पण तेव्हा होस्टेलवर माझ्या अहिराणीला पोरी हसायच्या म्हणून मी ती बंद केलेली, आणि आजीचा "मंग?" पण बहुतेक तिथेच कुठेतरी राहिला. अजूनही दमले की मी पुस्तकी मराठी बोलते, समोरचा लगेच सावरून बसतो, मग तासभर फक्त "हो मॅडम".

अर्थात सगळंच समोरच्यावर सोडून चालत नाही. जगणं नकोसं वाटतं का हे मी अप्पांना पहिल्याच भेटीत सरळ विचारलेलं, आज परत विचारलं, नाही म्हणाले. भूक, वजन बरं आहे. तसं काही वाटलं असतं तर सायकिॲट्रिस्टकडे पाठवलंच असतं, गोळ्या लिहिणं माझं काम नाही, आणि तिथं "तुम्हीच ठरवा" म्हणणं म्हणजे अंग काढून घेणं.

तक्ता रद्द केला. चारला चहा करायचा असं त्यांनीच ठरवलं, पण सत्तर वर्षांत गॅस पेटवलेला नाही. सून शिकवेल, पण तिला एवढ्या पहाटे उठवायला जीव होत नाही, म्हणजे दुपारी शिकायचं. हे सगळं ठरवायला पाऊण तास गेला, आणि त्यात माझं कौशल्य असं काहीच नव्हतं, दोन-तीनदा "मंग?" म्हटलं एवढंच.

दारापर्यंत गेले आणि मागे वळले, "तुम्ही कितली साखर टाकतस?"

मी बिनसाखरेचा पिते. सांगितलं तर असे बघायला लागले जणू मलाच ट्रीटमेंटची गरज आहे.