रोम एका दिवसात: आखणी कशी केली आणि कुठे चुकू शकतं

रोमसाठी हाताशी एकच दिवस असेल, तर काय काय पाहायचं ते मागून ठरवावं. आधी वार ठरवावा. माझ्या आखणीची सुरुवात तिथूनच झाली. पोप रोममध्ये असले की बुधवारी सकाळी सेंट पीटर्सच्या चौकात त्यांची जाहीर सभा भरते आणि ती संपेपर्यंत तिथल्या बॅसिलिकात, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, जाता येत नाही. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा अपवाद, पण तेव्हा प्रवेश फुकट असल्यामुळे रांग पार भिंतीला वळसा घालते. महिन्याच्या पहिल्या रविवारी कोलोसियम फुकट, म्हणजे तिथेही तीच गत. वाहतुकीचे संप बऱ्याचदा शुक्रवारी पुकारले जातात. राहिले सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार. त्यातला मंगळवार मी धरला.

पुढचा निर्णय जास्त अवघड होता: कोलोसियम की व्हॅटिकनची संग्रहालयं? अनेक प्रवासी कंपन्या दोन्ही एका दिवसात बसवतात. कागदावर ते बसतंही. पण संग्रहालयांतून सिस्टीन चॅपेलपर्यंत जाणारी वाट लांबलचक आणि गर्दीची आहे. घाई केली तरी तीन तास जातात. कोलोसियम, त्याच्या शेजारचा फोरम (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) आणि पॅलाटिन टेकडी यांना मिळून साडेतीन तास हवेत. त्यात सुरक्षा तपासणीच्या दोन रांगा आणि मधला प्रवास धरला की शहर पाहायला वेळ उरत नाही, आणि रोमचं खरं सुख तर गल्लीबोळांतून चालण्यात आहे. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: वेळ ठरवून दिलेलं मोठं तिकीट दिवसाला एकच. मी कोलोसियम घेतलं. ज्यांना सिस्टीन चॅपेलमधलं मायकेलँजेलोने रंगवलेलं छत पाहायचंच आहे, त्यांनी सकाळी ८ वाजता संग्रहालयात शिरावं, मग बॅसिलिका करावी आणि कोलोसियम संध्याकाळी बाहेरून पाहावं. तोही उत्तम दिवस होतो.

कोलोसियमच्या साध्या तिकिटाला १८ युरो पडतात आणि त्यातच फोरम व पॅलाटिन येतात. विक्री साधारण ३० दिवस आधी उघडते. आपल्याकडून काढताना घड्याळाचा हिशोब ठेवावा: उन्हाळ्यात रोम आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. अधिकृत संकेतस्थळ सोडून दुसरीकडे गेलात तर तेच तिकीट दुप्पट-तिप्पट किमतीला विकायला ठेवलेलं दिसतं, कारण सोबत नावापुरता गाइड जोडलेला असतो.

आपली माणसं अडकतात ती नावापाशी. २०२३च्या ऑक्टोबरपासून कोलोसियमचं तिकीट नावावर निघतं आणि दारात ओळखपत्र पाहतात. आपल्या पासपोर्टवर नावासोबत बहुधा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. तिकिटावर घरातलं सुटसुटीत नाव टाकू नका. पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर तसंच उतरवा. १८ वर्षांखालच्या मुलांना पैसे पडत नाहीत, पण त्यांचंही शून्य युरोचं तिकीट नावानिशी काढावं लागतं. ते राहिलं तर मुलासाठी ऐनवेळी जागा मिळेलच असं नाही. मूळ पासपोर्ट त्या दिवशी जवळ असू द्यावा.

पैसे भरण्याचं काम घरी असतानाच उरकावं. बँकेच्या अॅपमध्ये कार्डावर परदेशी व्यवहार आणि टॅप करून पैसे देणं या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या चालू कराव्या लागतात. बहुतेक कार्डांवर त्या मुळात बंद असतात. रोमच्या मेट्रोत दारावर कार्ड टेकवून आत जाता येतं, मात्र एका कार्डावर एकच माणूस. चौघांचं कुटुंब असेल तर सुटी तिकिटं बरी: १.५० युरोचं तिकीट १०० मिनिटं चालतं, मात्र त्यात मेट्रोचा प्रवास एकदाच.

सामान हा वेगळा मुद्दा. कोलोसियममध्ये मोठ्या बॅगा चालत नाहीत आणि ठेवायलाही सोय नाही. सकाळच्या गाडीने किंवा विमानाने येणाऱ्यांनी बॅग रोमच्या मुख्य रेल्वे स्टेशनवर, तेर्मिनीलाच, ठेवावी. फ्युमिचिनो विमानतळावरून लिओनार्दो एक्सप्रेस ही रेल्वेगाडी ३२ मिनिटांत थेट तेर्मिनीला आणते, भाडं १४ युरो. विमान बदलताना मिळालेल्या मोकळ्या वेळात रोम करायचं असेल, तर लक्षात ठेवा: भारतीय पासपोर्टवर विमानतळाबाहेर पडायला शेंगेन व्हिसा लागतोच.

आता प्रत्यक्ष दिवस. तेर्मिनीहून मेट्रोच्या बी मार्गाने कोलोसियम दुसरं स्टेशन. बाहेर पडलं की इमारत समोरच उभी. तिकिटावर ९ची वेळ असेल तर साडेआठला तिथे असावं. तपासणीची रांग तिकीटधारकांनाही चुकत नाही. आत गेल्यावर आधी वरच्या मजल्यावर जावं, कारण मधल्या मैदानाखालच्या खोल्या आणि वाटा तिथून एका नजरेत कळतात. इसवी सन ८० मध्ये सम्राट टायटसने याचं उद्घाटन केलं. बाहेरची भिंत एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला बसकी दिसते, कारण १३४९च्या भूकंपात दक्षिणेकडची बाजू ढासळली आणि ते दगड पुढे शहरातल्या बांधकामांना गेले. दीड तास पुरतो.

फोरममध्ये एकाच तिकिटावर एकदाच शिरता येतं, बाहेर पडलात की संपलं. म्हणून पाणी भरून, स्वच्छतागृह उरकूनच आत जावं. टायटसच्या कमानीकडून शिरावं, डावीकडे पॅलाटिनवर चढून वरून एकदा सगळं नजरेखाली घालावं आणि मग खाली उतरून पवित्र मार्गाने चालावं. कमानीच्या आतल्या बाजूला जेरुसलेमहून लुटून आणलेल्या सात फाट्यांच्या दीपस्तंभाचं कोरीवकाम आहे, ते चुकवू नका. पुढे सम्राट अँटोनिनस आणि त्याची पत्नी फाउस्टिना यांचं मंदिर लागतं. त्याच्या खांबांमागच्या चर्चचं दार जमिनीपासून कितीतरी वर, हवेत लटकल्यासारखं दिसतं. ते दार बसवलं तेव्हा जमीनच तिथपर्यंत भरलेली होती. उत्खननात माती निघाली आणि दार वर राहिलं. दोन हजार वर्षांत शहर स्वतःच्याच अंगावर कसं चढत गेलं, हे मला इथे सगळ्यात नीट कळलं. फोरममध्ये सावली फार कमी. जुलै-ऑगस्टमध्ये टोपी आणि पाणी नसेल तर तासाभरात जीव कासावीस होतो.

पाणी मात्र विकत घेऊ नये. रस्त्यारस्त्यावर लोखंडी खांबासारखे नळ अखंड वाहत असतात, त्यांना तिथे नासोने म्हणतात. पाणी पिण्याचं आणि थंड असतं. खालचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून धार उडते, तोंड लावायची गरज पडत नाही.

तिथून पुढचा सगळा रस्ता पायी: कॅपिटोलिन टेकडी, पियात्सा व्हेनेत्सिया हा चौक, मग पँथिऑन हे घुमटाचं प्राचीन रोमन मंदिर. काळ्या चौकोनी दगडांच्या फरसबंदीवर पातळ तळव्याच्या चपला पायांना छळतात. जाड तळव्याचे, पायात रुळलेले बूट हवेत. नवे घालू नयेत. पँथिऑनला २०२३च्या जुलैपासून तिकीट लागतं, तेव्हा ते ५ युरो ठेवलं होतं. घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची सारखीच, सुमारे ४३ मीटर. माथ्यावरचं भोक उघडं आहे, पाऊस आत पडतो आणि फरशीतल्या बारीक छिद्रांतून वाहून जातो. हे आता चालतं चर्च आहे, त्यामुळे प्रार्थनेच्या वेळी पर्यटकांना थांबवतात.

जेवणासाठी बसून वेळ घालवण्यापेक्षा वजनावर मिळणारा पिझ्झा घ्यावा. 'उन एत्तो' म्हटलं की शंभर ग्रॅम कापून देतात. शाकाहाऱ्यांसाठी दोन सूचना. सुप्ली हे भाताचे तळलेले गोळे निरुपद्रवी दिसतात, पण त्यात बऱ्याचदा मांसाचा रस्सा असतो, विचारून घ्यावं. आणि पेकोरिनो रोमानो चीज कोकराच्या जठरातल्या विरजणाने बनतं, म्हणून काटेकोर पाळणाऱ्यांनी त्या चीजचा 'काचो ए पेपे' पास्ता टाळावा. मारिनारा पिझ्झा नावावरून मासळीचा वाटतो, प्रत्यक्षात त्यात टोमॅटो, लसूण आणि तेल एवढंच असतं, चीजही नाही. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यावी. टेबलाशी बसलात की तिचीच किंमत वाढते.

नव्होना चौकातल्या, शिल्पकार बेर्निनीच्या कारंज्यापाशी दहा मिनिटं थांबाच. चार खंडांच्या चार नद्या तिथे माणसांच्या रूपात बसवल्या आहेत आणि आशियाची नदी म्हणून आपली गंगा आहे. हातात लांब वल्हं असलेला पुरुष तो गंगेचा. ज्या नदीला आपण आई म्हणतो तिला दाढीवाल्या पुरुषाच्या रूपात पाहून क्षणभर थबकायला होतं.

पुढे देवदूतांच्या पुलावरून तायबर नदी ओलांडून सेंट पीटर्स बॅसिलिका. दुपारी चारनंतर इथली रांग सहसा सकाळच्या मानाने ओसरलेली असते. प्रवेश फुकट, पण खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी, सलवार-कमीज चालतात. अर्ध्या चड्डीतल्या पुरुषांना परत पाठवतात. बिनबाह्यांचा कपडा असेल तर ओढणी पुरते. आत शिरताच उजव्या हाताला काचेमागे मायकेलँजेलोचं पिएता हे शिल्प आहे, मृत येशूला मांडीवर घेतलेली मेरी. घुमटावर चढायला ५५१ पायऱ्या. लिफ्ट घेतली तरी शेवटच्या ३२० चढाव्याच लागतात, आणि त्या अरुंद, तिरक्या होत जातात. दिवसभर चाललेल्या पायांनी मी तो नाद सोडावा असंच सांगेन.

अंधार पडल्यावर जवळच्या ओत्ताव्हियानो स्टेशनहून मेट्रोच्या ए मार्गाने बार्बेरिनी गाठावं. तिथून त्रेव्ही कारंजं दहा मिनिटांवर. गर्दी रात्रीही असते, पण दिव्यांत दगड उजळतो. मेट्रोच्या डब्यात आणि कारंज्याच्या कडेला पाकीट पुढच्या खिशात, पिशवी पोटावर. संपाचा दिवस निघालाच, तर सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी ५ ते ८ या वेळात सार्वजनिक वाहतूक चालू ठेवण्याचं बंधन असतं. परतीची वेळ त्यात बसवावी. एरवी मेट्रो रात्री साडेअकरापर्यंत मिळते आणि बार्बेरिनीहून तेर्मिनी फक्त दोन स्टेशनं आहे.