आमची वाटचाल : आज टाकी, मासे महिन्याने

दुकान सुरू केलं तेव्हा मला आणि माझ्या धाकट्या भावाला माशांतलं फार काही कळत होतं अशातला भाग नाही, घरी लहानपणापासून फिश टँक होता एवढंच काय ते भांडवल. एक गाळा, बारा टाक्या, एक मोठा एअर पंप आणि दर्शनी भागात काचेचे गोल बाउल, प्रत्येकात दोन-दोन गोल्डफिश. सगळ्यात जास्त खपायचे ते बाउलच. मूल हट्ट धरायचं, आईवडील दहा मिनिटांत बाउल, रंगीत खडे, खाद्याची डबी आणि मासे घेऊन निघायचे, आम्ही खूश.

आठवड्याभरात तेच लोक परत. मासा वर येऊन तोंड उघडबंद करतोय, मासा तळाशी बसूनच आहे, सकाळी बघितलं तर तरंगत होता. आम्ही निळं औषध द्यायचो, म्हणजे मिथिलीन ब्लू, आणि वर एक नवीन मासा. मासे नाजूकच असतात अशी स्वतःची समजूत घातली होती, आता आठवलं की लाज वाटते. त्या निळ्या औषधाने पाण्यातले कामाचे बॅक्टेरियासुद्धा मरतात हे तर फार उशिरा कळलं.

मग एक ताई आल्या. त्यांचा चौथा मासा गेला होता. सोबत बाटलीत पाणी आणलेलं, म्हणाल्या मासे तुमचे चांगले असतील हो, पण माझ्या पाण्यात काय आहे ते सांगा. आम्हाला सांगता येईना! दुसऱ्या दिवशी भावाने टेस्ट किट मागवली, आली तशी पहिली त्यांचीच बाटली तपासली. पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ आणि नळीत घेऊन किटमधले थेंब टाकले तर पिवळं राहायच्या ऐवजी गडद हिरवं, म्हणजे भरपूर अमोनिया.

तिथून आम्ही खरं शिकायला लागलो. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सतत अमोनिया सोडतो, उरलेलं खाद्य कुजूनही तोच बनतो. जुन्या टाकीत एका जातीचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, ते पण विषारीच, मग दुसरे त्याचं नायट्रेट करतात जे बरंच सौम्य असतं आणि पाणी बदललं की कमी होतं. हे बॅक्टेरिया पाण्यात कमी आणि फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर जास्त चिकटून असतात. नव्या टाकीत ते जवळपास नसतातच, पुरेसे व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. आम्ही मासे विकत होतो पहिल्याच दिवशी.

मग नियम केला, टाकी आज न्या, मासे महिन्याने. बाउल बंद, सुरुवातीला ६० लिटरच्या आसपासची टाकी, कारण पाणी जितकं जास्त तितकी चूक पोटात घालतं. फिल्टर चालू ठेवायचा, रोज चिमूटभर खाद्य रिकाम्या टाकीत टाकायचं (लोक वेड्यात काढायचे, मासे नाहीत आणि खायला कोणाला घालताय; घालत होतो बॅक्टेरियांना, खाद्य कुजून होणाऱ्या अमोनियावरच ते वाढतात), आणि अमोनिया-नायट्राइट आधी चढून मग दोन्ही शून्यावर आले की मासे न्यायला या. पहिले काही महिने विक्री इतकी पडली की भाऊ रोज भांडायचा, दादा गिऱ्हाईक हातचं जातंय. जात होतंच.

त्यातनं वाट भावानेच काढली. दुकानातल्या जुन्या टाकीतला वापरलेला स्पंज ओलाच पिशवीत घालून नवीन टाकीसोबत द्यायचा, म्हणजे बॅक्टेरिया आयतेच आणि थांबायचे दिवस बरेच कमी होतात. फक्त ती टाकी निरोगी पाहिजे, नाहीतर स्पंजासोबत रोगही जातो.

आम्ही शहाणे झालो होतो असं मात्र समजू नका. एका रात्री भावाने हौसेने सगळे स्पंज नळाखाली खसाखसा धुतले, चकाचक. नळाच्या पाण्यात क्लोरीन, बॅक्टेरिया साफ, चौथ्या दिवसापर्यंत दोन टाक्यांतले गप्पी मासे गेले. तेव्हापासून स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, आणि हे टाकी नेणाऱ्या प्रत्येकाला दोनदा सांगतो.

बाकी माशांचं म्हणाल तर नवशिक्याला आम्ही गप्पी किंवा प्लॅटी देतो, पण नुसते नर, नाहीतर दोन महिन्यांत पिल्लंच पिल्लं. सकर, म्हणजे काचेला चिकटणारा मासा, मागायला आले तर स्केल काढून दाखवतो की हा फूटभर होतो. गोल्डफिशला मोठी टाकी नसेल तर नाहीच म्हणतो, यावर अजूनही लोक चिडून जातात, जाऊ देत.

त्या ताई अजून येतात. आता ६० लिटरची टाकी आहे, दर आठवड्याला पाव पाणी बदलतात, किटही स्वतःची घेतलीय. मध्यंतरी नायट्रेट लिटरमागे ८० मिलिग्रॅम निघालं म्हणून घाबरून बाटली घेऊन आल्या. विचारपूस केली तर घरातले तिघंही, कुणी टाकलं नसेल म्हणून, आपापल्या वेळी खाद्य टाकत होते. आता डबी कपाटात, आणि किल्ली ताईंकडे.