बल्ब उडाला? आधी होल्डर बघा

बल्ब गेला की आपण नवा आणतो, लावतो, आणि महिनाभरात तोही गेला की कंपनीच्या नावाने बोटं मोडतो. त्याआधी काढलेला बल्ब उलटा धरून टोपीच्या तळाशी बघा. तिथे सोल्डरचे दोन चपटे ठिपके असतात. वीज बल्बात शिरते ती या दोन ठिपक्यांतून. ठिपके चकचकीत किंवा नुसते मळकट असतील, तर होल्डर बहुतेक ठीक आहे. पण एका ठिपक्याला काळा खड्डा पडलाय, कडेला सोल्डर वितळून थेंबासारखं गोठलंय असं दिसलं, तर नवा बल्बही तिथे टिकणार नाही.

होल्डरच्या आत दोन पितळी पिना स्प्रिंगवर बसवलेल्या असतात. बल्ब दाबून फिरवला की त्या ठिपक्यांवर घट्ट टेकतात. उष्णतेने स्प्रिंगची ताकद जाते, पिन आतच अडकून बसते आणि मध्ये केसाएवढी फट राहते. त्या फटीत ठिणगी उडत राहते. पंखा बंद करून कान दिला तर बारीक चरचर ऐकू येते, बल्ब लुकलुकतो, होल्डरपाशी जळकट वास येतो. पुरवठा असा तुटत-जुळत राहिला की एलईडी बल्बातल्या कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) दर वेळी नव्याने करंटचा लोंढा येतो आणि सर्किट लवकर मरतं. माझ्या मते सारखे बल्ब जाणाऱ्या घरात पहिला खर्च होल्डरवर करावा. नाशकात पावसाळ्यात, विशेषतः गंगेकाठच्या (म्हणजे गोदाकाठच्या) वाड्यांमधून भिंती महिनोन्‌महिने ओलसर राहतात, तिथे पितळेवर हिरवट थर चढतो आणि हीच अडचण आणखी लवकर येते.

आता बल्ब स्वतःच्या कारणाने कसा जातो तेही बघू. जुन्या पिवळ्या बल्बात टंगस्टनची तार सुमारे २,५०० अंश सेल्सिअसला तापून उजेड देते. काचेत आरगॉन-नायट्रोजन भरलेला असतो, म्हणून ती जळून जात नाही, पण तारेवरून धातू हळूहळू उडत राहतो आणि एखादी जागा बारीक होते. असा बल्ब बहुतेक वेळा बटण दाबताक्षणीच उडतो, कारण थंड तारेचा रोध तापलेल्या तारेच्या दहाव्या-पंधराव्या हिश्शाइतकाच असतो. २३० व्होल्टवर ६० वॅटचा बल्ब जळताना पाव अँपिअर घेतो, पण पहिल्या क्षणी त्याच्या दहापट तरी करंट धावतो आणि बारीक झालेली जागा तुटते. जाता जाता, देवघरातला जुना 'झिरोचा बल्ब' झिरो नव्हता. तो १५ वॅटच्या आसपास खायचा.

एलईडीचं गणित वेगळं. पांढरा टोप काढला तर आत ॲल्युमिनियमच्या चकतीवर पिवळे चौकोन दिसतात. त्या पिवळ्या थराखाली निळा प्रकाश देणारी चिप असते. निळा आणि त्यातून थराने बनवलेला पिवळा मिळून आपल्या डोळ्यांना पांढरा उजेड दिसतो. ही निळी एलईडी बनवण्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. चिपा एकामागे एक अशा माळेत जोडलेल्या असतात, म्हणून एक जळाली की सगळा बल्ब बंद. जळालेल्या चौकोनावर काळा ठिपका स्पष्ट दिसतो. पण पुष्कळदा चिपा शाबूत असतात आणि ड्रायव्हरमधला (चिपांना हवी तशी वीज पुरवणाऱ्या सर्किटमधला) कपॅसिटर फुगून गेलेला असतो. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून खोक्यावर २५,००० तास लिहिलेला बल्ब बंद काचेच्या गोळ्यात लावला, तर त्याचा निम्मा काळही काढत नाही. उष्णता बाहेर जायला जागा हवी.

काळा ठिपका पडलेली चिप खरवडून दोन टोकं सोल्डरने जोडायची, की बल्ब पुन्हा लागतो, हा उद्योग हल्ली बराच चालतो. तो घरी करू नका. उरलेल्या चिपांवर ताण वाढतो, हा झाला छोटा तोटा. मोठा धोका असा की स्वस्त बल्बात ड्रायव्हर आणि चिपा एकाच चकतीवर असतात आणि मेन लाईनपासून वेगळ्या केलेल्या नसतात. पुरवठा चालू असताना त्या चकतीवर ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही वेळ साठून राहतो. टोप फुटलेला किंवा निसटलेला एलईडी बल्ब जळत असला तरी वापरायचा नाही, तो याचसाठी.

बल्ब बदलताना बटण बंद केलं म्हणजे होल्डर मेला असं धरून चालू नका. बटण फेजवर, म्हणजे जिवंत वायरीवर असायला हवं, पण पुष्कळ जुन्या घरांत ते न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरीवर बसवलेलं असतं. अशा वेळी बल्ब विझतो, पण होल्डरच्या पिनेवर फेज तशीच उभी असते. बटण बंद असूनही एलईडी रात्री मंद जळत राहत असेल, तर हे एक कारण असू शकतं. बटणातला इंडिकेटर हे दुसरं. म्हणून त्या सर्किटची एमसीबी (मीटरच्या बोर्डावरचा आपोआप पडणारा खटका) पाडा. जिथे अजून किटकॅट फ्यूज (ओढून काढायचे चिनी मातीचे जुने फ्यूज) आहेत, तिथे जास्त सावध राहा. जुन्या बोर्डांत फेजला एक आणि न्यूट्रलला एक असे दोन फ्यूज असतात. न्यूट्रलचाच काढला तर सगळं घर अंधारात जातं, पण वायर जिवंतच राहते. दोन्ही काढा आणि खिशात ठेवा, म्हणजे खालून कोणी परत लावणार नाही.

मग टेस्टर. आधी चालू असल्याची खात्री असलेल्या सॉकेटवर तो लावून बघा, लागला पाहिजे. मग होल्डरच्या दोन्ही पिनांना लावा आणि परत त्या सॉकेटवर. लाकडी स्टुलावर रबरी चप्पल घालून उभं असताना टेस्टर फिका लागतो, उन्हात दिसतही नाही. तो लागला नाही एवढ्यावर जीव टाकू नये. टेस्टरने होकार-नकार काहीही दिला, तरी एमसीबी पाडलेलीच राहू द्या.

उंचीसाठी घडीची शिडी घ्या. प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय फाकतात. वाड्याच्या उंच माळवदाखाली खुर्चीवर स्टूल चढवण्याचा प्रकार तर नकोच, विजेपेक्षा पडूनच जास्त लागतं. हात कोरडे हवेत. पिवळा बल्ब असेल तर दहा मिनिटं निवू द्या. पिनेचा बल्ब वर दाबा, डावीकडे थोडा फिरवा आणि खाली सोडा. नवा लावताना टोपीला धरून दाबा, उजवीकडे फिरवा. हात सोडल्यावर बल्ब किंचित खाली येऊन खाचेत अडकला पाहिजे. दाबताना स्प्रिंग जाणवलीच नाही, तर होल्डर बदला.

काच होल्डरातच तुटली, तर एमसीबी पाडून, डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड मोजे घालून नोजप्लायरने टोपीची धातूची कड धरा, वर दाबा आणि फिरवा. त्यात बटाटा खुपसून फिरवायची युक्ती सांगतात. बटाट्याचा रस पिनांवर राहतो, म्हणून मी ती सुचवत नाही.

होल्डर बदलताना वायर ८ ते १० मिलिमीटर सोला, तारा पिळून दुमडा आणि स्क्रू तांब्यावर घट्ट करा, प्लास्टिकवर नाही. एकही तार बाहेर डोकावता कामा नये. लोंबत्या होल्डरात बल्बचं वजन स्क्रूवर येऊ नये, म्हणून आत वायरला गाठ किंवा पकड हवी. मात्र जुन्या नाशकातल्या वाड्यात लाकडी पट्टीवरची वायरिंग असेल आणि होल्डर उघडताच रबराचे तुकडे हातात आले, तर तिथेच थांबा. ती वायर जितकी हलवाल तितकी पुढे सोलत जाते. परवानाधारक वायरमनला बोलावून तेवढा तुकडा बदलून घ्या. २०१६ आणि २०१९ सारखा पूर येऊन भांडी बाजार, सराफ बाजाराकडे पाणी शिरलं, तर ते ओसरल्यावरही वायरिंगच्या पाइपात ओल राहते. दुतोंड्या मारुती (गोदापात्रातली मूर्ती, नाशिककर तिच्यावरून पूर मोजतात) पुन्हा दिसायला लागला म्हणून लगेच मेन चढवू नका, आधी वायरिंग तपासून घ्या.

खरेदी करताना वॅटऐवजी ल्युमेन, म्हणजे उजेडाचं माप वाचा. ६० वॅटच्या जुन्या बल्बाइतका उजेड ८-९ वॅटची एलईडी देते. बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि खाली 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. उजेडाचा रंग केल्विनमध्ये लिहिलेला असतो: बैठकीत ३,००० केल्विन (पिवळसर), स्वयंपाकाच्या ओट्यावर ६,५०० (पांढरा) चांगला.

सीएफएलमध्ये (वळलेल्या काचनळीच्या दिव्यात) काही मिलिग्रॅम पारा असतो. तो फुटला तर पंखा बंद करा, खिडकी उघडून दहा मिनिटं बाहेर थांबा. झाडू किंवा व्हॅक्यूम वापरू नका, त्याने पारा पसरतो. तुकडे जाड पुठ्ठ्याने उचला, बारीक भुगा चिकटपट्टीने टिपा, ओल्या कागदाने जागा पुसून सगळं झाकणाच्या बरणीत बंद करा. घंटागाडी आली की ती बरणी ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता वेगळी हातात द्या आणि आत काय आहे ते सांगा.