लांबच्यांना आधी

९ जानेवारी, रात्री सव्वानऊ

आठवीच्या पटावर एकवीस मुलं आहेत. आज वर्गात बारा होती. बाकीची नऊ दिवाळीच्या आगेमागे आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली. कुणी कोल्हापूरकडं, कुणी सांगलीला, दोघं भाऊबहीण पार कर्नाटकात. आमच्या पाटोदा तालुक्याला हे नवं नाही. मांजरा आमच्याच बालाघाटच्या डोंगरात उगवते, पुढं ७२४ किलोमीटर वाहत गोदावरीला मिळते, पण उगमाकडच्या माणसाला तिचं पाणी पुरत नाही. खरीप निघालं की हाताला काम उरत नाही. मजूर जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि कोयता निघाला की पोरंही निघतात. घरी आजी-आजोबा धडधाकट असतील तर मूल हंगामी वसतिगृहाच्या आधारानं मागं राहतं. नसतील तर गाडीत बसतं.

या नऊ जणांना मी रोज संध्याकाळी बोलून निरोप पाठवते. आज वर्गात काय झालं, उद्या काय होणार, कुठलं पान, काय जवळ ठेवायचं. दोन मिनिटांच्या वर जाऊ देत नाही. सुरुवातीला पानांचे फोटो पाठवायचे, पण ते उघडायचेच नाहीत. फोन वडिलांचा, रिचार्ज संपत आलेला, काच फुटलेली. आवाज मात्र पोचतो. कोपीत, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या झोपडीत, चूल पेटलेली असताना मूल भाकरी खाता खाता ऐकू शकतं. आठच्या आत पाठवायचा हे मी ठरवून टाकलंय, कारण टोळी पहाटे तीन-चारला उठते आणि नऊला सगळे झोपलेले असतात.

हे सगळं सुरू झालं ते फळ्यापासून. तीन वर्षांपूर्वी सहावीला ग्रामपंचायतीचा पाठ चालला होता. ग्रामसभेची सूचना सात दिवस आधी द्यावी लागते, कोणते विषय येणार ते त्यात सांगावं लागतं, म्हणजे लोक विचार करून सभेला येतात, असं मी समजावत होते. मागचा एक मुलगा उठून म्हणाला, “बाई, मग आपल्या तासाची सूचना का नसती?”

मला उत्तर देता आलं नाही. उद्या काय शिकवणार हे फक्त मला ठाऊक असायचं. मुलं रोज सभेला यायची आणि विषय सभेत बसल्यावर कळायचा. नकाशा भरायचा त्या दिवशी अर्ध्या वर्गाकडं रंग नसायचे, आणि मी त्यांनाच रागवायचे.

त्याच आठवड्यात व्हरांड्यातल्या जुन्या फळ्याला काळा रंग दिला. सहावी, सातवी, आठवी असे तीन रकाने पाडले आणि प्रत्येकात चार ओळी: आज, उद्या, आणायचं, राहिलेलं. यातली शेवटची ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. माझ्याकडून जे शिकवायचं राहिलं ते मी तिथं लिहिते. मध्येच सर्वेक्षणाचं काम येतं, प्रशिक्षण येतं, मतदार याद्या येतात, तास बुडतो. तो बुडाला हे मुलांना कळलं पाहिजे आणि कधी भरून निघणार तेही. “राहिलेलं” या ओळीसमोर पाच दिवस तेच नाव दिसलं की मलाच चैन पडत नाही.

वसतिगृहातल्या एका मुलाची आजी दूध घालायला जाताना फळ्यापाशी थांबते. तिला वाचता येत नाही. जे पोर समोर दिसेल त्याला थांबवून विचारते, “आमच्याला उद्या काय लागतंय रं?” गेल्या महिन्यात तिनं स्वतःच्या कनवटीच्या पैशातून नातवाला कंपासपेटी आणली.

गेल्या वर्षीचं लिहायलाच हवं. डिसेंबरात मी भूगोलाच्या पाठांचा क्रम बदलला. आर्द्रता व ढग पुढं ढकलला, सागरतळाची रचना आधी घेतली. वर्गात तोंडी सांगितलं, फळ्यावरही लिहिलं. ऊसतोडीला गेलेल्यांना सांगायचं राहून गेलं. पट्टा पडून, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपून, चैत्रात मुलं परत आली, तेव्हा एक मुलगी वही घेऊन माझ्याकडं आली. ढगांचे सगळे प्रकार तिनं पेन्सिलीनं काढले होते, प्रत्येकाखाली उंची लिहिली होती, स्वाध्याय पूर्ण. चाचणीत सागरतळ होता. ती मला काहीच बोलली नाही. चाचणीचा कागद बघितला, वही मिटली आणि जागेवर जाऊन बसली. फडावर दिवसभर पाणी वाहून, धाकट्या भावाला सांभाळून, रात्री कोपीत बसून तिनं तो अभ्यास केला होता. तिच्या अभ्यासात काहीच चूक नव्हती. चूक माझी होती. तिचे ढग मी नंतर वेगळे तपासले, गुणही दिले, पण तिची ती मिटलेली वही मला अजून दिसते.

तेव्हापासून एक नियम केला. काहीही बदललं तर ते आधी लांबच्यांना सांगायचं, मग वर्गात. वर्गातल्या मुलाला चुकीचं कळलं तर ते दुसऱ्या दिवशी सकाळी विचारून घेतं. फडावरच्या मुलाचे चार महिने त्यात जाऊ शकतात. त्यात पाचवी आणि आठवीला आता पुन्हा वार्षिक परीक्षा आली आहे, त्यामुळं आठवीच्या बाबतीत मी जास्तच धास्तावलेली असते.

आता आजचं.

स्थानिक वेळ व प्रमाण वेळ हा पाठ पुस्तकात पहिलाच, म्हणजे जूनमध्ये शिकवून होतो. पण जूनमध्ये आभाळ भरलेलं, सावलीच नसते. म्हणून प्रयोग मी जानेवारीसाठी राखून ठेवते. परवाच्या निरोपात नऊही जणांना सांगितलं होतं: एक सरळ काठी रोवा. अकराच्या सुमाराला सावलीएवढी दोरी घेऊन काठीभोवती गोल काढा, ती वेळ लिहा. सावली आधी आखडेल, मग पुन्हा लांबेल. दुपारी तिचं टोक परत त्या गोलाला टेकलं की ती वेळ लिहा. दोन्ही वेळांच्या बरोबर मधली वेळ म्हणजे तुमच्या जागेचे खरे बारा. फोन दोनदाच लागेल, वडिलांना आधी सांगून ठेवा.

आम्ही मैदानात केलं. अकरा वीसला गोल काढला, एक पन्नासला सावली परत टेकली. मधली वेळ बारा पस्तीस. आता गणित: भारताची प्रमाण वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२°३०′ पूर्व रेखावृत्ताची. आपण साधारण ७५°३०′ वर. सात अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, म्हणजे अठ्ठावीस मिनिटं. सूर्य बारा अठ्ठावीसला डोक्यावर यायला हवा होता. आला बारा पस्तीसला. मुलांचे चेहरे पडले. “बाई, काठी वाकडी होती,” “बाई, शाळेचं घड्याळ पुढं आहे.” मला कारण माहीत होतं, पण मी म्हटलं, उद्या बोलू. फळ्यावर “राहिलेलं: सात मिनिटं” असं लिहिलं आणि घरी आले.

सव्वासातला कोल्हापूरकडून निरोप आला. यंदा आठवीत असलेली एक मुलगी, पाच बहिणींतली थोरली. मागं बैलांच्या घुंगरांचा आवाज.

“बाई, काठी नव्हती, मी उसाचं टिपरू रोवलं. पाचट बाजूला सारलं. सुतळी नव्हती म्हणून उसाच्या वाढ्याची पात घेतली. गोल काढून त्याच्यावर ढेकळं मांडली, म्हणजे कुणी पाय दिला तरी कळंल. अकरा धाला काढला, दोन धाला परत टेकली. बारा चाळीस येतंय. पण गणितानं बारा तेहतीस येतंय बाई. माझं चुकलं का?”

मी ते तीनदा ऐकलं. तिच्याकडं ७४°१५′, म्हणजे सव्वाआठ अंशांचा फरक, तेहतीस मिनिटं. तिचं गणितही बरोबर. आमचा सूर्य सात मिनिटं उशिरा, तिचाही सातच मिनिटं उशिरा. काठी वाकडी नव्हती आणि घड्याळही पुढं नव्हतं. दोन गावांतला पाच मिनिटांचा फरक रेखावृत्तांचा, आणि दोन्हीकडं सारखी येणारी सात मिनिटं पृथ्वीच्या चालीची. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, भरभर चालते. त्यात तिचा आस कललेला. म्हणून सूर्य या दिवसांत घड्याळाच्या मागं पडतो. मैदानातल्या बारा मुलांना हे एकट्यानं कधीच कळलं नसतं. दुसऱ्या जागेची नोंद हवी होती, आणि ती फडातून आली.

तिला लगेच फोन केला. वडिलांनी उचलला. मी म्हटलं, “दादा, पोरीनं आज फार मोठं काम केलंय.” ते म्हणाले, “दुपारी ढेकळाला हात लावू देत नव्हती कुणाला. मुकादम बी बाजूनं गेला.” मग परीक्षेचं निघालं. एप्रिलच्या आत पट्टा पडेल का ते त्यांनाही सांगता येईना. उचल फिटायची आहे. मी एवढंच म्हटलं की वेळापत्रक हातात आलं की पहिला फोन तुम्हालाच, गरज पडली तर तिला एसटीनं पुढं पाठवा, उतरवून घ्यायला मी येते. ते “बरं बाई” म्हणाले. फोन ठेवता ठेवता त्यांनी सांगितलं की उद्या सकाळी टोळी दुसऱ्या फडावर हलतेय, तिथं दोन दिवस रेंज नसेल.

म्हणजे परवाचंही आजच सांगायला हवं. सहसा परवाचं मी उद्या ठरवते. आता बसून ठरवलं आणि बोलून पाठवलं, सगळ्या नऊ जणांना: “उद्या सात मिनिटांचं कारण, तुमच्यातल्या एकीच्या नोंदीवरून. परवा संसदेतला प्रश्नोत्तराचा तास. प्रत्येकानं एक प्रश्न तयार ठेवायचा, आपल्या गावाचा किंवा तुम्ही आत्ता आहात त्या जागेचा. लिहून ठेवा, रेंज आली की पाठवा, मी वर्गात तुमच्या नावानं वाचून दाखवीन.”

साडेसात वाजून गेले होते, पण आठच्या आत गेलं. परवा काहीही आलं, कुठलंही काम आलं, तरी तो तास घ्यायचाच आहे. सकाळी फळ्यावर लिहिण्यासाठी खडू पिशवीत टाकून ठेवलाय.