‘ला बाम्बा’ सोडून बाकीचं सगळं

शनिवार, रात्री उशिरा. ऑस्टिन, टेक्सास.

कान अजून वाजतायत, झोप लागणं शक्य नाही, तर लिहूनच टाकते. लॉस लोबोस हा बँड ऐकून आले. डेव्हिड हिडाल्गो, सीझर रोसास, लुई पेरेझ, कॉनराड लोझानो. १९७३ मध्ये ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये जमलेली ही पोरं आता सत्तरी ओलांडून बसलीत. सॅक्सोफोनवाला स्टीव्ह बर्लिन १९८४ मध्ये आलेला, म्हणजे अजून नवाच म्हणायचा.

या गावाला गाण्याचा भारी अभिमान. ‘जगाची लाइव्ह म्युझिक राजधानी’ हे बिरुद १९९१ पासून अधिकृतपणे मिरवतं. विमानतळावर बॅग यायच्या आधी गिटार कानावर पडते, आणि तळ्याकाठी पुतळा आहे तो गिटारवाल्या स्टीव्ही रे वॉनचा. मात्र ज्यांच्या जिवावर ही मिजास, ते वाजवणारे भाडी झेपत नाहीत म्हणून गावाबाहेर चाललेत आणि त्यांच्या जागी आम्ही आयटीवाले येऊन राहिलोय. असो. श्रोते मात्र इथले पक्के. सोलो संपण्याआधी उगाच टाळ्या नाहीत.

ऑफिसातली मैत्रीण बरोबर होती, मूळची सान अँटोनियोची. नवराही आला होता, ‘ला बाम्बा हे एक गाणं माहीत आहे’ एवढ्या भांडवलावर. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांचं भांडवलही तेवढंच असावं. दुसऱ्या गाण्यापासून त्यांनी “ला बाम्बा!” असा धोशा लावला. शेवटी मैत्रिणीने मागे वळून स्पॅनिशमध्ये काहीतरी सुनावलं. काय ते तिने सांगितलं नाही, पण गृहस्थ गप्प झाले.

रोसास काळा चष्मा लावून डावखुरी गिटार वाजवतो, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही, आणि मधूनच अशी ब्लूजची सरबत्ती करतो की बघत राहावं. पण माझा जीव अडकला तो हिडाल्गोच्या अकॉर्डियनमध्ये. आम्हा पुणेकरांना अकॉर्डियन म्हटलं की इनॉक डॅनियल्स आठवतात, पियानोसारख्या पट्ट्यांचं. हे बटणांचं. एकाच बटणावर भाता ओढला की एक सूर, दाबला की दुसरा. त्यामुळे चालीत आपोआप एक हिसका येतो. जागा जवळच्या होत्या, तेव्हा नीट दिसत होतं: बोटं जवळजवळ जागच्या जागी, सगळी धावपळ डाव्या हाताची, भात्याची. आतली रीड आपल्या पेटीच्याच जातीची. एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि चेक लोक टेक्सासात येऊन वसले, त्यांच्या पोल्का नाचाच्या चाली आणि हे वाद्य इथल्या मेक्सिकन शेतमजुरांनी उचललं, त्याला गिटारसारखा बारा तारांचा बाहो सेक्स्तो जोडला आणि कोनहुंतो हे संगीत उभं राहिलं. मैत्रिणीचे वडील लग्नांतून बाहो सेक्स्तो वाजवायचे. हिडाल्गोने पोल्का सुरू केल्यावर तिने हातातला ग्लास माझ्याकडे दिला आणि सरळ नाचायला गेली.

पुढच्याच गाण्यात हाच माणूस इलेक्ट्रिक गिटार घेऊन गुरगुरत होता. मग १९९२ च्या ‘कीको’ अल्बममधलं ते झोपेत चालल्यासारखं गाणं, बर्लिनचा सॅक्स खालून घुमणारा. ‘लॅटिन रॉक’ म्हणून यांना एका खणात ठेवतात ते मला पटत नाही. खण उघडा, आत चार वेगळ्याच गोष्टी निघतात. आणि पुढारी कोणीच नाही! भजनी मंडळातल्या जुन्या बुवांसारखे एकमेकांकडे न बघता गाणं एकाकडून दुसऱ्याकडे जातं.

‘ला बाम्बा’ अगदी शेवटी आलं. मूळचं व्हेराक्रूझचं लोकगीत. गायक रिची व्हॅलेन्सने ते रॉकमध्ये आणलं आणि १९५९ च्या फेब्रुवारीत अवघ्या सतराव्या वर्षी तो विमान अपघातात गेला. १९८७ मध्ये लॉस लोबोसचं ‘ला बाम्बा’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. दुसऱ्या कोणी त्याच साच्यातली आणखी दहा गाणी काढली असती. यांनी १९८८ मध्ये सगळं मेक्सिकन लोकसंगीत, तेही बहुतांशी अकूस्टिक वाद्यांवर, रेकॉर्ड केलं आणि त्यालाच ग्रॅमी मिळालं. माझ्या मते बँड टिकला तो त्या हट्टामुळे. आजही ‘ला बाम्बा’ त्यांनी न कंटाळता वाजवलं, पण दोन तास आपल्याला हवं ते ऐकवून झाल्यावर. गृहस्थ खुर्चीवर चढले होते.

नवरा गाडीत चक्क ‘कीको’ लाव म्हणाला. मैत्रीण मात्र मागच्या सीटवरून बजावत होती की हे कॅलिफोर्नियावाले ठीक आहेत, पण अकॉर्डियन ऐकायचं तर फ्लाको हिमेनेझचं, आमच्या गावचं. मे महिन्यात सान अँटोनियोला कोनहुंतोचा उत्सव असतो. वडिलांकडे राहायची सोय ती करणार आहे, येताना चकल्या आणायची जबाबदारी माझी.